तांबं, जड आणि मधली जागा

दहा पेट्या. प्रत्येक ९ इंच उंच, ४० इंच रुंद आणि भिंतीतून ३१ इंच पुढे आलेली. सगळ्या तांब्याच्या. एकीच्या वर दुसरी, दुसरीच्या वर तिसरी, पण कुणीच कुणाला टेकलेली नाही. दोन पेट्यांच्या मध्ये नेमकी ९ इंचांची मोकळी जागा. खाली आधाराला खांब नाही, वर टांगायला दोरी नाही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमच्या संग्रहात असलेल्या या कामाला शीर्षक नाही, फक्त तारीख आहे: २३ डिसेंबर १९६९. कलाकाराचं नाव डोनाल्ड जड.

आडनाव वाचून मराठी माणूस थोडा थबकतो. जड म्हणजे वजनदार, आणि जड म्हणजे चेतन नसलेलं. अमेरिकेतल्या मिझूरी राज्यात १९२८ साली जन्मलेल्या या माणसाला आपल्या आडनावाचा हा अर्थ ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्याच्यावर जी टीका आयुष्यभर झाली, ती या एका शब्दात मावते. ही कामं थंड आहेत, निर्जीव आहेत, कारखान्यातून आलेला माल आहे, यात माणूस कुठे आहे? माझं म्हणणं असं, की निदान तांब्याच्या या कामाबाबत तरी यातलं पहिलं अर्धं वाक्य चूक आहे आणि शेवटचा प्रश्न बरोबर आहे. तो प्रश्न टीकाकारांना वाटला त्यापेक्षा वेगळ्या जागी जाऊन टोचतो, इतकंच.

आधी साधा हिशेब करू. दहा पेट्या, प्रत्येकी ९ इंच, म्हणजे ९० इंच. त्यांच्यामध्ये नऊ फटी, म्हणजे ८१ इंच. बेरीज १७१. पण कामाची एकूण उंची दिली जाते १८० इंच, म्हणजे पंधरा फूट. उरलेले ९ इंच कुठले? सर्वांत खालची पेटी आणि जमीन यांच्यामधले. तेही मोजायचे. दहा वेळा तांबं, दहा वेळा रिकामी जागा, आणि सुरुवात रिकाम्या जागेपासून. म्हणजे जमीन हा या कामाचा शून्यावा बिंदू आहे. ज्यांनी कधी प्रोग्रॅमिंग केलंय त्यांना मोजणी शून्यापासून सुरू झालेली पाहून बरं वाटेल, पण मुद्दा गमतीचा नाही. शिल्पाला सहसा चौथरा असतो आणि तो आपण मोजत नाही. चित्राला चौकट असते, तीही मोजत नाही. इथे जमीन आणि भिंत दोन्ही हिशेबात धरल्या आहेत. पेट्या भिंतीवर टांगल्या आहेत एवढंच म्हणून भागत नाही, कारण भिंत हा त्या कामाचा एक भाग आहे.

‘हे काय, एक लूप चालवला की झालं’ असं आमच्या क्षेत्रातला कुणीही म्हणेल. दहा वेळा पेटी ठेव, प्रत्येक वेळी १८ इंच वर सरक. खरंच तेवढंच आहे, आणि जडला तेवढंच हवं होतं. तो कलाकार म्हणून ओळखला जाण्याआधी समीक्षक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत कोरियात राहिला, मग कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला, पुढे तिथेच कलेचा इतिहास शिकला, आणि १९५९ पासून काही वर्षं न्यूयॉर्कच्या ‘आर्ट्स’ मासिकात दर महिन्याला प्रदर्शनांवर लिहीत राहिला. इतकी चित्रं बघून त्याला एका गोष्टीचा कंटाळा आला: रचना. डावीकडे मोठा आकार, मग उजवीकडे तोल सांभाळायला लहान आकार. इथे गडद, म्हणून तिथे फिकं. एक भाग महत्त्वाचा, बाकीचे त्याच्या सेवेला. ‘स्पेसिफिक ऑब्जेक्ट्स’ या नावाचा त्याचा लेख १९६५ साली छापून आला. त्यात त्यानं मांडलं की आता जे नवं चांगलं काम होतंय, ते ना चित्र आहे ना शिल्प, ती सरळ एक वस्तू आहे. त्या वस्तूत मुख्य आणि दुय्यम असा भेद नको. म्हणून पेट्या सारख्या, म्हणून फटी सारख्या. लूप हा त्याच्यासाठी आळस नव्हता. कुठल्याच भागाला सरदारकी मिळू नये यासाठी केलेली ती व्यवस्था होती.

पण लूपनं काम संपतं असं मानलं तर एक प्रश्न उरतो. तांबंच का? अशी एकावर एक पेट्यांची कामं, ज्यांना ‘स्टॅक’ म्हणतात, जडनं १९६५ पासून शेवटपर्यंत कितीतरी केली. गॅल्वनाइज्ड लोखंडाची केली, स्टीलची केली, पितळेची, ॲल्युमिनियमची आणि रंगीत प्लेक्सिग्लासची केली. न्यूयॉर्कच्याच मोमा म्युझियममध्ये १९६७ चा एक स्टॅक आहे, बारा पेट्यांचा, लोखंडावर हिरवा लॅकर चढवलेला. मापं तीच, फटी त्याच. कोड तोच आणि फक्त मटेरिअल नावाचा एक व्हेरिएबल बदललेला, असं म्हणता येईल का? मला वाटतं, नाही. याचं उत्तर शोधायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही, आपलं देवघर पुरतं.

घरात तांब्याचं ताम्हण असेल आणि तांब्याचा पूजेचा कलश असेल, तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच चिंचेनं घासून शेजारी ठेवा. ताम्हण नारिंगी-गुलाबी दिसेल. मग कलशाच्या आत डोकावा. आत तोच धातू कुंकवाच्या वाटेवर निघाल्यासारखा गडद लाल दिसेल. धातू बदललेला नाही, उजेड बदललाय. तांबं लाल रंगाचा प्रकाश जवळजवळ सगळा परत फेकतं, शंभरातला पंचाण्णवच्या आसपास. निळा मात्र निम्म्याच्या थोडा वर, पंचावन्नच्या आसपास, आणि बाकीचा गिळतं. ताम्हणावर पडलेला प्रकाश एकदा आपटून आपल्या डोळ्यात येतो. कलशात तो भिंतीवरून भिंतीवर आपटत येतो. तीनदा आपटला तर शंभरातला लाल उरतो साधारण ८६, निळा उरतो १७. प्रत्येक उसळीला तांबं अधिक तांबडं होत जातं.

आता ते दहा डबे डोळ्यांसमोर आणा. एका पेटीचा माथा आणि वरच्या पेटीचा तळ, दोन्ही तांब्याचे, समोरासमोर, मध्ये ९ इंच. खोली ३१ इंच. म्हणजे फट उंचीच्या तिपटीहून अधिक खोल. त्या कपारीत शिरलेला उजेड सरळ बाहेर येऊ शकत नाही. तो खालच्या आणि वरच्या पत्र्यांमध्ये उसळत राहतो आणि प्रत्येक उसळीला तापल्यासारखा लाल होतो. म्हणजे या कामात सर्वांत गडद रंग तांब्याचा नाही. तो तांबं नसलेल्या जागेचा आहे. पेट्यांच्या समोरच्या पट्ट्या त्या मानानं फिक्या, आणि त्यांच्या मधल्या नऊ रिकाम्या कपारी निखाऱ्यासारख्या. लॅकरच्या हिरव्या स्टॅकमध्ये फटीत सावली साचते. इथे फटीत उजेड साचतो. म्हणून मटेरिअल हा बदलता येणारा व्हेरिएबल नाही. ते बदललं की काय भरलेलं आणि काय रिकामं याचं उत्तरच उलटं होतं.

जडला हे कळत होतं याचा पुरावा लंडनच्या टेट संग्रहातल्या १९७२ च्या कामात आहे. जमिनीवर ठेवलेली, वरून उघडी, तांब्याची मोठी पेटी, आणि तिचा तळ लाल इनॅमल दिलेल्या ॲल्युमिनियमचा. वरून वाकून पाहिलं की तळाचा लाल रंग तांब्याच्या भिंतींवर चढलेला दिसतो आणि भिंत कुठे संपते, तळ कुठे सुरू होतो हे डोळ्याला चटकन ठरवता येत नाही. ज्या माणसाला सगळे कोरडा, हिशेबी म्हणत होते, त्याला रंगाचं इतकं वेड होतं. फक्त त्याला रंग फासायचा नव्हता, मापं ठरवून तो आपोआप यावा अशी सोय करायची होती.

याच कारणासाठी ही कामं फोनवर मार खातात. फोटो एका जागेवरून घेतलेला असतो, आणि कपारीतला उजेड तुम्ही चाललात तर बदलतो. खालच्या पेट्यांचे माथे दिसतात, वरच्या पेट्यांचे तळ दिसतात, आणि नेमकी डोळ्यांच्या उंचीवर एखादी पेटी आली, तर तिचं दोन्हीपैकी काही दिसत नाही, फक्त पट्टी दिसते. तिथे पेटी येते की फट, हे तुमच्या उंचीवर ठरतं. मायकल फ्रीड या समीक्षकानं १९६७ साली ‘आर्टफोरम’मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं: असली कामं स्वतःत पूर्ण नसतात, त्यांना प्रेक्षक लागतो, ती नाटकासारखी वागतात. त्यानं हा दोष म्हणून मांडला. निरीक्षण अचूक होतं. पण जमीन, भिंत आणि बघणाऱ्याची उंची हिशेबात घेणारी वस्तू मला तरी स्वतःतच पूर्ण असलेल्या वस्तूपेक्षा जास्त सभ्य वाटते.

मग शेवटचा प्रश्न: यात माणूस कुठे आहे?

पहिलं उत्तर अगदी घरगुती आहे. चिंच लावून तांबं घासलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की तांब्याची चमक हा तांब्याचा गुण नाही, ती कुणाची तरी मेहनत आहे. हवा लागली की तांबं मळतं, आधी तपकिरी, मग काळपट. चिंचेतलं आम्ल तो ऑक्साइडचा थर विरघळवतं, आणि दोन दिवसांत थर परत धरायला लागतो. घामातलं मीठ तर त्याहून वाईट. घासलेल्या तांब्यावर बोट टेकवा आणि आठवड्यानं पाहा, ठसा कोरल्यासारखा उमटलेला असतो. हिरव्या लॅकरवरचा हात पुसता येतो, तांब्यावरचा हात धातूत शिरतो. म्हणून कारखान्यातून आलेली, माणसाचा स्पर्श नसलेली वस्तू अशी जिची ख्याती, तीच वस्तू स्पर्श सर्वांत जास्त लक्षात ठेवणाऱ्या धातूची आहे. तिला निर्जीव दिसत ठेवायला हातमोजे घातलेली माणसं, राखणदार आणि संवर्धक सतत राबावे लागतात. आपल्याकडे हे राबणं कुणाच्या वाट्याला येतं हे सांगायला नको. तिकडच्या म्युझियममध्ये त्याला पगार मिळतो, पण भिंतीवरच्या पाटीवर नाव दोन्हीकडे नसतं.

दुसरं उत्तर पत्र्याच्या कारखान्यात आहे. जडच्या सुरुवातीच्या वस्तू लाकडाच्या होत्या आणि त्या करायला वडिलांनी त्याला मदत केली होती. १९६४ पासून तो न्यूयॉर्कच्या बर्नस्टाइन ब्रदर्स या पत्राकाम करणाऱ्या फर्मकडे जायला लागला. तो कागदावर आकृती आणि मापं द्यायचा, ते कापायचे, वाकवायचे, जोडायचे. अनेक कामांच्या मागच्या बाजूला जडच्या नावासोबत या फर्मचं नाव ठोकलेलं आहे, आणि पुढच्या काळातल्या कामांवर स्वित्झर्लंडच्या लेनी या कंपनीचं. पुढून पाहणाऱ्याला फक्त कलाकार दिसतो. भिंतीला चिकटलेल्या बाजूला कारागीर असतात.

मी रोज हेच करतो. काय हवं ते लिहून द्यायचं, दुसऱ्या कुणीतरी ते बांधायचं. कधी तो दुसरा टीममधला ज्युनिअर असतो, आणि अलीकडे बऱ्याचदा यंत्र. म्हणून जडच्या बाबतीत पुढे जे घडलं ते मला कलाजगतातलं भांडण म्हणून वाचता येत नाही.

जुझेप्पे पांझा हे इटलीतले मोठे संग्राहक. सत्तरच्या दशकात त्यांनी जडची बरीच कामं विकत घेतली, आणि त्यातली काही कागदावरच होती: आकृती, मापं, प्रमाणपत्र. पुढे पांझा यांनी त्यातली काही कामं इटलीत, तिथल्या कारागिरांकडून करून घेतली. त्यांच्या मते कागद विकत घेतला म्हणजे बांधण्याचा हक्क आला. जड भडकला. १९८९ साली लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत त्याच्या नावानं असं एक काम उभं राहिलं, तेव्हा त्यानं पुढच्या वर्षी ‘आर्ट इन अमेरिका’ मासिकात जाहीर केलं की हे काम माझं नाही. गंमत अशी की पांझा यांचा संग्रह नंतर गुगेनहाइमनं घेतला, आणि आपण ज्या तांब्याच्या स्टॅकबद्दल बोलतोय तोही त्याच संग्रहातून तिथे आलाय. हा गुंता सोडवायला म्युझियमला २०१० पासून वेगळा संशोधन प्रकल्प चालवावा लागला.

वरवर पाहता जड इथे स्वतःच्याच विरुद्ध बोलतोय. हात महत्त्वाचा नाही म्हणून काम कारखान्यात दिलं. मग दुसऱ्या कारखान्यानं त्याच मापात केलं तर बिघडलं कुठे? स्पेसिफिकेशन पूर्ण असेल तर कुणीही बांधावं. आणि कुणीही बांधू शकत नसेल तर ते स्पेसिफिकेशन पूर्ण नव्हतं.

ते पूर्ण नव्हतंच, आणि असूही शकत नव्हतं. पत्रा किती जाड, वाकवताना कोपऱ्याची त्रिज्या किती सुटते, मोठ्या सपाट पृष्ठभागाला पोक येऊ नये म्हणून काय करायचं, जोड दिसू द्यायचा की लपवायचा, या शेकडो गोष्टी आकृतीत नव्हत्या. त्या बर्नस्टाइनच्या कारागिरांच्या हातात होत्या आणि जडच्या वारंवार तिथे जाऊन बघण्यात होत्या. कपारीतला निखारा तरी कुठल्या कागदावर आहे? ‘९ इंच’ इतकंच लिहिलंय. पत्र्याला जरा पोक आला की प्रतिबिंब डुगडुगतं, आणि मग उजेड साचण्याऐवजी डबा डब्यासारखा दिसतो. हात महत्त्वाचा नाही, असं जड म्हणत राहिला. पांझा प्रकरणात त्यानं जे मागितलं, ते म्हणजे त्याच्या ओळखीचे हात. मला यात ढोंग दिसत नाही. आपण ज्याला फक्त ‘अंमलबजावणी’ म्हणतो त्यात किती निर्णय दडलेले असतात, हे दुसऱ्यानं ती केल्यावरच दिसतं. पण एक गोष्ट खटकते. हे कळल्यावरही तक्रार कलाकाराच्या अधिकाराची राहिली, कारागिरांच्या वाट्याची झाली नाही. त्या हातांशिवाय काम खरं नाही, असं असेल तर ती नावं मागच्या बाजूला का?

ॲना चेव्ह यांनी १९९० साली लिहिलेल्या निबंधात म्हटलं की मिनिमलिझमची तटस्थता दिखाऊ आहे, त्यातली भाषा उद्योगाची आणि सत्तेची आहे. त्या निबंधाचा रोख मला काही जागी अतिरेकी वाटतो, पण तांब्याच्या बाबतीत तो लागू पडतो. मटेरिअल हे फक्त मटेरिअल, त्याच्यामागे गोष्ट शोधू नका, असा जडचा आग्रह. पण हे काम १९६९ च्या डिसेंबरातलं आहे. त्याआधी १९६७ च्या जुलैपासून पुढच्या वसंत ऋतूपर्यंत अमेरिकेतल्या तांब्याच्या खाणी आणि भट्ट्यांमधले कामगार आठ महिन्यांहून अधिक काळ संपावर होते. त्याच वेळी व्हिएतनाममध्ये काडतुसांच्या पितळी टोप्या झडत होत्या, आणि पितळेतला मोठा वाटा तांब्याचा असतो. दीडच वर्षानं, १९७१ च्या जुलैमध्ये, चिलीनं अमेरिकन कंपन्यांच्या ताब्यातल्या तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं. जड स्वतः या युद्धाच्या विरोधात होता, वॉर रेझिस्टर्स लीगला त्याची साथ होती. नागरिक म्हणून त्याला हे सगळं दिसत होतं. स्टुडिओत मात्र तांबं कुठूनही आलेलं नव्हतं, ते नुसतं तांबं होतं.

ही मर्यादा आहे, आणि ती मान्य करूनही मी या कामाच्या बाजूनं उभा राहीन. कारण तांबं जडचं ऐकत नाही. ते हवेशी बोलतं, बोटांचे ठसे ठेवतं, आणि त्याला चमकतं ठेवणाऱ्या श्रमांची आठवण दर आठवड्याला काढतं. कलाकारानं गोष्ट दाराबाहेर ठेवली तरी धातू ती आत आणतो. लॅकरखालच्या लोखंडानं हे केलं नसतं.

आमच्या कामात सध्या एक वाक्य फार ऐकू येतं: नीट लिहून दिलं की बांधणारा कुणीही चालतो. या दहा पेट्या त्या वाक्याची सर्वांत सुंदर बाजू मांडतात, कारण चार आकडे आणि एका धातूच्या नावातून इतकं निघू शकतं हे त्या दाखवतात. आणि त्या वाक्याचा सर्वांत चोख पुरावा खोडूनही काढतात, कारण ते निघालं ते ज्यांनी पत्रा सपाट ठेवला त्यांच्यामुळे. कधी न्यूयॉर्कला गेलात आणि हे काम भिंतीवर लागलेलं असलं, तर पेट्यांकडे कमी आणि फटींकडे जास्त बघा. मग जमेल तितकं बाजूला जाऊन, तांबं आणि भिंत यांच्या सांध्यात डोकावायचा प्रयत्न करा. राखणदार ओरडेल. तरी तिथेच बघण्यासारखं आहे.